अठरावी सही

आमच्या इमारतीची सेक्रेटरी मी. अकरा वर्षं झाली. दरवर्षी सभेत मी म्हणते, यंदा दुसरं कुणीतरी बघा, आणि दरवर्षी चोवीस घरांतली सगळी माणसं एकदम आपापली घड्याळं बघायला लागतात. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौस आहे, असा लोकांचा समज आहे. तो अगदीच खोटा नाही. नोकरीत असताना मी कोर्टात स्टेनोग्राफर होते. मसुदा करावा तर बाईंनीच, असं वकीलसुद्धा म्हणायचे. हा माझा माज मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

गोष्ट मात्र मावशींची आहे. तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या घरात एक आजी राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा परदेशात. एका सकाळी आजींना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा आला, आठ दिवस राहिला, एजन्सीतून चोवीस तासांची बाई ठरवली आणि निघून गेला. जाताना मला म्हणाला, मी दर रविवारी फोन करीन, बाई नीट वागते ना एवढं सांगत जा. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला आजवर कधी जमलेलं नाही, निदान जिथे रुबाब मिळतो तिथे तरी नाही.

ती बाई म्हणजे मावशी. एजन्सीच्या कार्डावर त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. खरं वय सदुसष्ट. केस काळेभोर करायच्या, पण भुवया रंगवायच्या विसरायच्या, त्यामुळे कपाळाखाली दोन पांढऱ्या रेघा दिसायच्या. मला हसू यायचं. म्हातारपणी कसले हे चोचले, असं मी मनात म्हणायची. चोचले नव्हते. साठीनंतर एजन्सी काम देत नाही.

मावशींना घर नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगते, कारण लपवून ठेवून गंमत करावी असं यात काही नाही. नवरा गेल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या एका खोलीत भाड्याने राहायच्या. मालकाने भाडं एकदम दुप्पट केलं. मावशींनी विचार केला, महिन्यातले अठ्ठावीस दिवस मी पेशंटच्या घरी असते, मग उरलेल्या दोन दिवसांसाठी खोली कशाला? सोडली. तेव्हा त्यांना हे शहाणपणाचं वाटलं. नंतर पुन्हा खोली घेऊ म्हणेपर्यंत भाडी आवाक्याबाहेर गेली. तेव्हापासून पेशंट आहे तोवर छप्पर आणि पेशंट गेला की रस्ता, असं त्यांचं नऊ वर्षं चाललं होतं.

काम मात्र बघत राहावं असं. दर दोन तासांनी आजींना कुशीवर वळवायच्या. ओढाताण नाही, अंगाखालची घडीची चादर अलगद ओढायच्या आणि आजी आपोआप वळायच्या. टाचा आणि कंबर रोज हातातल्या छोट्या आरशात बघायच्या, कुठे लाली तर नाही ना म्हणून. एवढ्या वर्षांत आजींना एक जखम झाली नाही. स्वतः पलंगाच्या पायथ्याशी घडीच्या खाटेवर निजायच्या. सकाळी सहाच्या आत खाट मिटून कपाटामागे जायची आणि तिच्याबरोबर त्यांची एकुलती बॅग. त्या घरात त्यांचं म्हणून काही दिसायचं नाही.

एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी त्यांची सुट्टी असे. बदली बाई आली की बॅग घेऊन निघायच्या, दुसऱ्या सकाळी परत. मी दारात भेटले तर विचारायची, घरी सगळे बरे ना? त्या म्हणायच्या, बरे. सगळे म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नाही.

आता सहीचं सांगते. आजींचं पेन्शन, बँक, घराचे कागद, सगळ्याला आजींची सही लागायची. मावशींनी त्यांना डाव्या हाताने सही करायला शिकवली. बँकेने ती मान्य करायलाच सहा महिने घेतले. सही घ्यायची त्यांची एक पद्धत होती. आधी आजींचा हात कोमट पाण्यात धरायच्या. मग कागदावरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवायच्या, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट. बँकेचा माणूस जांभया द्यायचा. मग पेन आजींच्या बोटांत द्यायच्या आणि स्वतः पेनाला हात लावायच्या नाहीत. आजींचा हात जागच्या जागी थरथरायचा, आणि मावशी खालचा कागद हळूहळू सरकवायच्या. अशी सही उमटायची. मी एकदा म्हटलं, अहो, सरळ हात धरून का नाही गिरवत, मिनिटाचं काम. तर म्हणाल्या, मग ती माझी सही होईल.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पालिकेचा फलक लागला. बेघर वृद्धांसाठी निवारा, चाळीस खाटा. आजूबाजूच्या घरमालकांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर पालिका फेरविचार करणार होती. शेजारी म्हणजे फक्त आमचीच इमारत. चोवीस घरं. म्हणजे अठरा सह्या.

पार्किंगमध्ये सभा भरली. एवढी गर्दी मी पाण्याची टाकी फुटली तेव्हाही पाहिली नव्हती. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही मागून स्क्वेअरफूट म्हणतो. बायकोची तब्येत विचारली तरी आधी हॉलचा एरिया सांगतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, उद्या गिऱ्हाईक खिडकीतून बाहेर बघेल आणि विचारेल, ही कोण माणसं? त्या क्षणी तुमचा भाव पडला म्हणून समजा. लोकांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, आमच्या पोरांना इथे घर घेणं परवडत नाही, त्यांच्यासाठी पालिका काय करते? ते आधी करा, मग म्हाताऱ्यांचं बघू. हे बोलणारा स्वतः बहात्तर वर्षांचा होता.

तळमजल्यावरचे मास्तर तेवढे विरुद्ध बोलले. ते निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातला. म्हणाले, ही माणसं आभाळातून पडलेली नाहीत, याच गल्लीत भाड्याने राहत होती. भाव वाढले म्हणून आपण खूश झालो तेव्हाच त्यांची भाडी वाढली. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, एवढंच इथे चाललंय. त्यावर स्क्वेअरफूट म्हणाले, मास्तर, तुमचं सूप तळमजल्यावर आहे, तिथे आधीच भाव कमी. सगळे हसले. मीही हसले.

माझं म्हणाल तर मला मूलबाळ नाही. हे दोन खोल्यांचं घर हेच माझं सगळं. हातपाय थकले की ते विकायचं आणि एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात जागा घ्यायची, असा माझा बेत. भाव पडला तर माझं काय होणार या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. भीती खरी होती, हे मी आजही म्हणते. सकाळी उठून मी हरकतीचा मसुदा केला, आणि तो असा झाला की स्क्वेअरफूट म्हणाले, बाई, तुम्ही कोर्टात बसायला हव्या होत्या, खुर्चीवर.

सतरा सह्या झाल्या. मास्तरांनी दार उघडलं, कागद वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली आणि सही न करता परत केला. बाकीच्या घरांत भाडेकरू किंवा कुलपं. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला आणि उरल्या समोरच्या आजी. घर त्यांच्या नावावर, त्यामुळे सही त्यांचीच हवी. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, घ्या ना, त्यात काय विचारायचं.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं, की त्या चाळीस खाटांपैकी एकीसाठी मावशींनी अर्ज केलेला आहे. मास्तरांनी तो भरून दिला होता आणि कुणाला सांगणार नाही असा शब्दही दिला होता. यादी लागली होती. मावशींचा नंबर अकरावा होता.

मी कागद घेऊन गेले. दुपारचे चार वाजले असतील. मावशींनी कोमट पाणी आणलं, आजींचा हात त्यात धरला, पुसला. मग चष्मा लावून वाचायला घेतलं. मी म्हटलं, अहो, राहू दे, फार मोठं आहे. त्या म्हणाल्या, वाचल्याशिवाय मी कुठलाच कागद पुढे करत नाही, बाई. आणि माझा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. नियोजित निवाऱ्यात येणाऱ्या बेघर व निराधार व्यक्तींच्या वावरामुळे परिसराच्या स्वच्छतेस, सुरक्षिततेस व राहणीमानाच्या दर्जास बाधा पोहोचेल. तसेच घरांच्या मूल्यात घट होऊन येथील ज्येष्ठ घरमालकांचा उतारवयातील एकमेव आधार नष्ट होईल. अडखळत, एकेक शब्द सुटा करत त्या वाचत होत्या. शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलेलं होतं. ते नीट वाचलं जातंय ना, याकडे माझं लक्ष होतं.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पक्कं बंद होईल का हो यानं?"

मी म्हटलं, "एका सहीचाच प्रश्न आहे आता."

त्यांनी पेन आजींच्या बोटांत दिलं. ते पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. आजी मावशींकडे टक लावून बघत होत्या. कचेरी पाचला बंद होणार, मी घड्याळाकडे बघितलं आणि जरा चिडून म्हणाले, आज काय झालंय यांना, रविवारी मुलाला काय सांगू मी? मावशींनी मान खाली घातली. तिसऱ्यांदा पेन दिलं, आणि या वेळी आपली बोटं आजींच्या बोटांवरून मिटून घेतली. सही सुरेख आली. एवढी सरळ सही आजींची कधीच आली नव्हती. मी तशीच धावत कचेरीत गेले.

दोन महिन्यांनी फलक निघाला. तिथे आता गाड्यांचं पार्किंग आहे. भाव वाढला की नाही ते स्क्वेअरफूट जाणोत. माझ्याकडे अजून कुणी गिऱ्हाईक आलेलं नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी आजी गेल्या. झोपेत, कुशीवर वळलेल्या, अंगावर एक ओरखडा नाही. मुलगा आला. चौथ्या दिवशी घर बघायला माणसं यायला लागली. त्याने मावशींना एक चांगली शाल दिली, उरलेला पगार दिला आणि शुक्रवारपर्यंत खोली रिकामी करा म्हणून सांगितलं. तो काही वाईट नव्हता. बाई आपल्या घरी जाणार, यापलीकडे त्याला काही सुचणारच नव्हतं, मला तरी कुठे सुचलं? मावशी बॅग घेऊन निघाल्या तेव्हा मी दारातून म्हटलं, आता जरा आराम करा घरी. त्यांनी मान हलवली आणि जिन्याने उतरल्या. लिफ्ट चालू होती, पण गुडघे दुखत असूनही त्यांनी ती कधी वापरली नाही. लिफ्ट घरमालकांसाठी आहे, असा बोर्ड मीच लावला होता.

त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी मी डोळे दाखवायला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालायचं होतं, अर्धा तास डोळे मिटून बसावं लागतं. औषध घालून नर्सने मला बाकावर बसवलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बाई, डोळ्याचा कोपरा दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही."

मी डोळे किलकिले केले. अंगावर एजन्सीचा पांढरा कोट, मांडीवर बॅग. केस निम्मे पांढरे झालेले. मावशी. मी म्हटलं, अरे वा, इथे कुणाचा पेशंट घेतलाय? त्या हसल्या. म्हणाल्या, कुणाचाही. पांढरा कोट असला की हटकत नाहीत, आणि हटकलंच तर सांगते, नातेवाईक आत आहेत. म्हणजे एवढी वर्षं सुट्टीच्या मंगळवारी त्या याच बाकांवर बसायला यायच्या. आता रोज. एजन्सीने नवीन ओळखपत्रं मागितली, त्यात खरं वय निघालं आणि नाव काढून टाकलं. हे सगळं त्या सपाट आवाजात सांगत होत्या, पेशंटचा रिपोर्ट सांगावा तसं.

मी डोळे मिटून घेतले. औषध होतंच. खोलीचं, भाड्याचं, अर्जाचं, अकराव्या नंबरचं, सगळं मला तिथे कळलं. मी विचारलं, अहो, मग तेव्हाच का बोलला नाहीत?

"मुलाशी तुमचा दर रविवारी फोन असायचा ना," त्या म्हणाल्या.

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आजींना काही नको असलं की त्या हातातलं सोडून द्यायच्या. चमचा असो, पेला असो, पेन असो. ती त्यांची नाही म्हणायची रीत होती. त्यांना माहीत होतं ना माझ्या अर्जाचं, मीच सांगितलं होतं. दोनदा नाही म्हणाल्या त्या. मीच ऐकलं नाही. अठ्ठावीस वर्षं हे काम करतेय, पेशंटच्या नावाची तेवढी एकच सही मी केली."

मी म्हटलं, चूक माझी होती, मी घाई केली. त्या म्हणाल्या, छे, पेन मी धरलं होतं. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माणूस हात उगारतो तेव्हा आपण निदान डोकं तरी वाचवतो. इथे काहीच नव्हतं. मी नुसती बसून होते, डोळ्यांतून औषध गळत होतं आणि लाज वाटत होती. खरंच सांगते, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग मावशींनी विचारलं. आवाज अगदी हळू, काम मागतानाचा.

"तुमच्याकडे सोबतीला कुणी लागतं का हो, बाई? पगार नको. आतल्या खोलीत कोपऱ्यात पडून राहीन. रोज सहाच्या आत खाट मिटलेली असेल."

माझी आतली खोली रिकामी आहे. त्यात एक कपाट आहे आणि इस्त्रीचं टेबल. पण मला आधी काय आठवलं, तर इमारतीचा नियम. परक्या माणसाला ठेवायचं तर कमिटीची परवानगी. मग आठवलं, की एकदा आत आलेलं माणूस पुढे निघालंच नाही तर? मग घर विकताना काय करायचं? आजारी पडल्या तर कोण करणार? डोळे मिटलेले होते म्हणून मला त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

"मी अजून धडधाकट आहे, मावशी," मी म्हटलं. "मला कशाला कोण लागतंय?"

"हो, तेही खरंच," त्या लगेच म्हणाल्या. जणू त्यांनीच काहीतरी वावगं विचारलं होतं.

माझा नंबर पुकारला. मला नीट दिसत नव्हतं, तर मावशींनी माझा दंड धरला आणि दारापर्यंत नेलं. पायरी आहे, म्हणाल्या. दारावरच्या वॉचमनने त्यांना विचारलं, तुम्ही कोण? त्या म्हणाल्या, यांच्याबरोबर आहे. वॉचमनने माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हटलं. मावशी म्हणाल्या, मी इथेच बसते, या डोळ्यांनी तुम्ही एकट्या रस्ता ओलांडू नका, मी घरापर्यंत सोडते.

डॉक्टरांनी डोळे तपासले, पंधरा मिनिटं लागली असतील. बाहेर पडायला दोन दारं होती. एक बाकांकडे उघडणारं आणि दुसरं मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानाजवळ. मी नर्सला विचारलं, मागचं कुठलं? तिने हात धरून दाखवलं. उन्हात सगळं पांढरं फटक दिसत होतं, गाड्या कुठून येतात तेही कळत नव्हतं. भिंतीला हात लावत लावत मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि रिक्षा केली.